सायबरपंक २०७७ची निर्मिती कुठे फसली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला आणि चारच दिवसांत त्याच्या निर्मात्यांना जाहीर माफी मागावी लागली. गेमची कथा, त्यातील शस्त्रे किंवा शेवट यांची चर्चा येथे केलेली नाही. एवढा पैसा, एवढी माणसे आणि एवढा नावलौकिक हाताशी असूनही हे काम कसे बिघडले आणि नंतर कसे सावरले गेले, एवढ्यापुरतेच हे प्रश्न आहेत.

हा नेमका कोणत्या प्रकारचा गेम आहे आणि तो कोणी बनवला?

पोलंडची राजधानी वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट या कंपनीच्या ‘सीडी प्रोजेक्ट रेड’ या स्टुडिओने तो बनवला. मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली ही कंपनी प्रथम परदेशी गेम पोलंडमध्ये विकत असे. स्वतःचे गेम बनवणारा स्टुडिओ २००२ मध्ये उभा राहिला. ‘द विचर’ मालिकेतील तीन मुख्य गेम २००७, २०११ आणि २०१५ मध्ये आले आणि तिसऱ्याने या कंपनीला जगातील मोजक्या मातब्बर स्टुडिओंच्या पंक्तीत नेऊन बसवले. सायबरपंकचे कल्पित जग मात्र मूळचे तिचे नाही. माइक पॉन्डस्मिथ या अमेरिकन खेळकर्त्याने १९८८ मध्ये टेबलाभोवती बसून खेळण्याचा जो कागदी खेळ प्रसिद्ध केला, त्यातून ते घेतलेले आहे.

प्रकाराने हा रोल-प्लेइंग गेम आहे. ‘व्ही’ नावाच्या भाडोत्री लढवय्याचे लिंग, पूर्वायुष्य, कौशल्ये, शरीरात बसवलेली यंत्रे आणि संभाषणातील उत्तरे खेळाडूच ठरवतो आणि नाइट सिटी या काल्पनिक कॅलिफोर्नियन शहरात मनाला येईल तसा हिंडतो. हा तपशील पुढील सर्व प्रश्नांसाठी महत्त्वाचा आहे. सरळ रेषेत पुढे सरकणाऱ्या गेममध्ये एखादा दरवाजा उघडतो की नाही हे एकदा तपासले की काम भागते. येथे मात्र तोच दरवाजा कुलूप तोडून, संगणक हॅक करून, पहारेकऱ्याला पटवून किंवा छतावरून उडी मारून ओलांडला जाऊ शकतो आणि यांपैकी प्रत्येक मार्गाने आलेल्या खेळाडूची कथा पुढे सुसंगत राहावी लागते. अशा गेममध्ये एक नवी शक्यता वाढवली की तपासणीचे काम एकाने वाढत नाही, ते कित्येक पटींनी वाढते.

गेम बनायला आठ वर्षे लागली असे सगळीकडे वाचायला मिळते. ते खरे आहे का?

नाही, आणि या प्रकरणातील सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. गेमची घोषणा मे २०१२ मध्ये झाली आणि जानेवारी २०१३ मध्ये पहिला ट्रेलर आला. त्यात गेमचे एकही प्रत्यक्ष दृश्य नव्हते आणि तारखेच्या जागी ‘तयार होईल तेव्हा’ अशा अर्थाचे उत्तर होते. त्यानंतर स्टुडिओचे बहुतेक मनुष्यबळ तिसऱ्या विचरमध्ये आणि त्याच्या दोन विस्तार-भागांमध्ये गुंतले. त्यांतील दुसरा विस्तार-भाग मे २०१६ मध्ये आला. जेसन श्रायर या पत्रकाराने जानेवारी २०२१ मध्ये ब्लूमबर्गसाठी कंपनीच्या वीसहून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलून जो वृत्तांत लिहिला, त्यानुसार सायबरपंकचे पूर्ण ताकदीने काम २०१६च्या अखेरीस सुरू झाले. त्याच सुमारास स्टुडिओप्रमुख अ‍ॅडम बडोव्स्की यांनी दिग्दर्शनाची सूत्रे हाती घेतली आणि कथेपासून खेळण्याच्या पद्धतीपर्यंत मोठे फेरफार झाले.

म्हणजे प्रत्यक्ष बांधणीला मिळाली ती सुमारे चार वर्षे. या आकाराच्या गेमसाठी, तेही नवे जग आणि नवे तंत्रज्ञान एकाच वेळी उभे करायचे असताना, हा काळ उदार नव्हे. उलट घोषणा इतकी आधी झालेली होती की लोकांच्या मनातला गेम आठ वर्षे वाढत राहिला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. पुढे सांगितलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ मला तरी या चार आणि आठ वर्षांमधल्या फटीतच दिसते.

इंजिन आणि गेम एकाच वेळी बनवले गेले म्हणजे काय? त्याने एवढे काय बिघडते?

इंजिन म्हणजे गेमच्या खालचे यंत्र: प्रकाश कसा पडेल, गाडी वळताना कशी कलेल, रस्त्यावरच्या माणसांना कोणत्या क्षणी स्मृतीत आणायचे आणि कोणत्या क्षणी काढून टाकायचे, हे सारे ते ठरवते. सीडी प्रोजेक्टचे स्वतःचे रेडइंजिन विचरसाठी घडलेले होते, म्हणजे घोडा, जंगल, विखुरलेली गावे आणि पात्राच्या पाठीमागून दिसणारे दृश्य यांसाठी. सायबरपंकला हवे होते उंच इमारतींचे दाट शहर, वेगाने धावणारी वाहने, बंदुका आणि थेट पात्राच्या डोळ्यांतून दिसणारे जग. त्यासाठी इंजिनची पुष्कळशी नवी बांधणी करावी लागली आणि ती गेमच्या बांधणीबरोबरच चालली.

याचा रोजच्या कामावर होणारा परिणाम बाहेरून सहज लक्षात येत नाही. एखादी मोहीम रचणारा माणूस आपले दृश्य पूर्ण करतो. दोन आठवड्यांनी इंजिनातील वाहनांची पद्धत बदलते आणि त्याच्या दृश्यातील गाडी भिंतीत शिरू लागते. तो ते दुरुस्त करतो. तोवर प्रकाशाची पद्धत बदललेली असते. काम वाया गेले असे म्हणता येत नाही, पण झालेले काम ‘झाले’ असेही कधी म्हणता येत नाही. त्यात माणसेही दुपटीहून अधिक झालेली होती. तिसरा विचर कंपनीतील सुमारे २४० जणांनी बनवला होता, तर सायबरपंकच्या श्रेयनामावलीत कंपनीच्याच पाचशेहून अधिक जणांची नावे आहेत. अडीचशे माणसांना एकमेकांशी बोलून जे जमते ते पाचशेंना त्याच सवयींनी जमत नाही.

२०१८ मध्ये दाखवलेले प्रात्यक्षिक खोटे होते का?

जून २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री मेळाव्यात पत्रकारांना बंद दाराआड एक लांबलचक प्रात्यक्षिक दाखवले गेले. तेच ४८ मिनिटांचे चित्रण ऑगस्टमध्ये सर्वांसाठी खुले झाले. ब्लूमबर्गच्या वृत्तांतात कर्मचाऱ्यांनी ते जवळजवळ संपूर्ण बनावट असल्याचे सांगितले, कारण गेमच्या मूळ यंत्रणा तेव्हा लिहून झालेल्याच नव्हत्या आणि जे दिसले ते त्या मेळाव्यापुरते रचलेले होते. बडोव्स्की यांनी याला जाहीर उत्तर दिले. प्रकाशनाच्या दोन वर्षे आधीचे प्रात्यक्षिक हा गेमचा कापून काढलेला नमुना असतो, चित्रणावर ‘काम सुरू आहे’ अशी स्पष्ट सूचना होती आणि अंतिम गेम त्याहून सरस दिसतो, असे त्यांचे म्हणणे होते. पाचशेहून अधिक लोकांच्या संस्थेतील वीस जणांच्या बोलण्यावरून निष्कर्ष काढण्यासही त्यांचा आक्षेप होता.

या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते. नमुना दाखवण्याची प्रथा या उद्योगात सर्रास आहे, हे खरे. पण असा नमुना घडवण्यासाठी खर्च झालेले महिने मूळ गेममधून वजा होतात, आणि पाहणाऱ्याला नमुना आणि वस्तू यांतला फरक कळावा अशी इच्छा दाखवणाऱ्याला सहसा नसते, हेही तितकेच खरे.

प्रकाशनाची तारीख नेमकी किती वेळा बदलली?

तीन वेळा, आणि तिन्ही वेळा २०२० मध्येच. जून २०१९ मध्ये अभिनेते किआनू रीव्ह्ज यांनी मायक्रोसॉफ्टच्या मंचावर येऊन १६ एप्रिल २०२० ही तारीख जाहीर केली. त्यांचे मंचावर येणे इतके गाजले की तारीख वाजवी आहे का हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारलाच नाही. ब्लूमबर्गनुसार ती तारीख ऐकून आतल्या काही मंडळींचा विश्वास बसेना, कारण कामाची गती पाहता गेम २०२२ मध्ये तयार होईल असा त्यांचा अंदाज होता. जानेवारी २०२० मध्ये तारीख १७ सप्टेंबरवर गेली, जूनमध्ये १९ नोव्हेंबरवर आणि २७ ऑक्टोबरला १० डिसेंबरवर.

‘गोल्ड’ झालेला गेमही पुढे ढकलला जातो का?

‘गोल्ड’ होणे म्हणजे डिस्कवर छापायची आवृत्ती पक्की होणे. सायबरपंक ५ ऑक्टोबर २०२० रोजी गोल्ड झाल्याचे जाहीर झाले आणि तीनच आठवड्यांनी तो एकवीस दिवसांनी पुढे गेला, म्हणून लोक चक्रावले. पूर्वी छापलेली डिस्क हाच अंतिम शब्द असे. आता पहिल्याच दिवशी इंटरनेटवरून मोठा पॅच, म्हणजे दुरुस्त्यांचा संच, उतरवून घ्यावा लागणार हे गृहीत धरूनच डिस्क छापल्या जातात, त्यामुळे गोल्ड या शब्दात पूर्वीचे वजन उरलेले नाही. कंपनीने दिलेले कारण असे होते की जुने आणि नवे कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळण्याची यंत्रे), संगणक आणि गूगलची स्टेडिया सेवा मिळून नऊ आवृत्त्या एकाच वेळी तपासायच्या होत्या आणि सगळे कर्मचारी महामारीमुळे घरून काम करत होते.

कर्मचाऱ्यांवरील सक्तीच्या जादा कामाचे प्रकरण काय आहे?

प्रकाशनापूर्वीचे महिने रात्रंदिवस राबण्याला या उद्योगात ‘क्रंच’ म्हणतात. तिसऱ्या विचरच्या वेळी झालेल्या क्रंचबद्दल स्टुडिओवर टीका झाली होती. म्हणून मे २०१९ मध्ये इविन्स्की आणि बडोव्स्की यांनी कोटाकू या संकेतस्थळाला सांगितले की या वेळी कोणावरही जादा कामाची सक्ती होणार नाही. सप्टेंबर २०२०च्या अखेरीस ब्लूमबर्गने स्टुडिओतील एक अंतर्गत ईमेल उघड केला. त्यात प्रकाशनापर्यंत आठवड्याचे सहा दिवस काम करणे सर्वांना बंधनकारक केले होते. बडोव्स्की यांनी हा निर्णय अवघड असल्याचे मान्य केले आणि वर्षाच्या नफ्यातील दहा टक्के रक्कम कर्मचाऱ्यांत वाटली जाणार असल्याचे सांगितले. पोलंडच्या कायद्यानुसार जादा कामाचा मोबदला द्यावाच लागतो आणि तो दिला जात होता, हे येथे नोंदवले पाहिजे.

तरीही दिलेला शब्द मोडला गेला, आणि तो पाळण्याची ऐपत नसलेल्या कंपनीकडून नव्हे. त्याहून बोलका तपशील बोनसचा आहे. बोनसचा एक भाग समीक्षकांच्या सरासरी गुणांशी जोडलेला होता आणि ती सरासरी नव्वदच्या वर असणे अपेक्षित होते. गेम बाहेर पडताच ही अट काढून टाकण्यात आली, कारण आधीचे मोजमाप आता न्याय्य राहिले नाही, असे व्यवस्थापनालाच वाटले. गुण कमी मिळण्याचे कारण कष्ट कमी पडणे हे नव्हते, याची ही एक प्रकारे कबुलीच होती.

प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर गेम एवढा वाईट का चालला?

सोनीचा प्लेस्टेशन ४ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन हे दोन्ही कन्सोल २०१३ मध्ये आले होते, म्हणजे गेम आला तेव्हा सात वर्षांचे झाले होते. त्यांच्या प्रोसेसरची ताकद बेताची होती, पण खरी अडचण फिरत्या हार्ड डिस्कची होती. नाइट सिटीसारख्या शहरात गाडी भरधाव चालवली की पुढच्या चौकातील इमारती, जाहिरातींचे फलक, वाहने आणि पादचारी क्षणोक्षणी डिस्कवरून वाचून स्मृतीत भरावे लागतात. हे सतत भरणे आणि रिकामे करणे म्हणजेच स्ट्रीमिंग. डिस्क त्या गतीला पुरी पडली नाही की रस्ता ओस पडतो, इमारती मातीच्या गोळ्यांसारख्या पुसट दिसतात, चित्राची गती कोसळते आणि शेवटी गेमच बंद पडतो. जुन्या कन्सोलवर हे सगळे झाले.

१३ जानेवारी २०२१ रोजीच्या ध्वनिचित्रफितीत इविन्स्की यांनी याचे कारण बऱ्यापैकी प्रांजळपणे सांगितले. आधी संगणकावर गेम भव्य दिसावा आणि मग तो कन्सोलवर बसवावा, असे ठरले होते. सुरुवातीला ते फार अवघड वाटले नाही आणि कामाचा आवाका कमी लेखला गेला. साध्या भाषेत सांगायचे तर वाड्याचा आराखडा काढून झाला, भिंतीही चढल्या, आणि मग तो चाळीतल्या खोलीत बसवायचा आहे हे आठवले. घनदाट शहर हेच गेमचे मुख्य आकर्षण होते, त्यामुळे गर्दी कमी करूनही तो एका मर्यादेपलीकडे हलका होऊ शकत नव्हता. संगणकावरील आवृत्तीच्या सेटिंगमध्ये संथ हार्ड डिस्कसाठी वेगळा पर्याय द्यावा लागला आणि २०२३ मध्ये तर किमान गरजांच्या यादीतून हार्ड डिस्क वगळून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान साठवण, अनिवार्य केली गेली, यावरून मूळ दुखणे कोठे होते हे उघड होते.

संगणकावरही सारे आलबेल नव्हते. गुन्हा करताच पोलीस खेळाडूच्या पाठीमागे हवेतून प्रकट होत. पात्रे हात पसरून खांबासारखी उभी राहत. जतन केलेली फाइल आठ मेगाबाइटच्या पुढे गेली की निकामी होई आणि ती वाचवायची तर सामान कमी बाळगा, असा सल्ला आरंभी दिला गेला. शंभर तास खेळलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटले असेल, ते सांगायला नको.

हे दोष कंपनीला आधी माहीत नव्हते का?

इविन्स्की यांच्या म्हणण्यानुसार खेळाडूंना आलेल्या अडचणींपैकी पुष्कळशा तपासणीत दिसल्या नव्हत्या आणि पहिल्या दिवशीच्या पॅचने बरेच सुधारेल असा विश्वास होता. कर्मचाऱ्यांनी मात्र ब्लूमबर्गला सांगितले की सामान्य दोषांपैकी बरेच आधीच सापडले होते, ते दुरुस्त करायला वेळ उरला नव्हता. या दोहोंपैकी कोणते म्हणणे किती खरे हे बाहेरून ठरवता येत नाही, पण एक गोष्ट लेखी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सहमुख्याधिकारी अ‍ॅडम किचिन्स्की यांनी गुंतवणूकदारांना सांगितले होते की एवढ्या मोठ्या जगाच्या मानाने जुन्या कन्सोलवर गेम आश्चर्य वाटावे इतका चांगला चालतो. डिसेंबरच्या मध्यावर त्यांनीच कबूल केले की जुन्या कन्सोलसाठी अधिक वेळ हवा असल्याच्या खुणांकडे व्यवस्थापक मंडळाने दुर्लक्ष केले.

समीक्षकांनी लोकांना वेळीच सावध का केले नाही?

त्यांच्या हातात कन्सोलची प्रतच नव्हती. प्रकाशनापूर्वी समीक्षेसाठी फक्त संगणकावरील आवृत्ती दिली गेली आणि स्वतः चित्रित केलेली दृश्ये दाखवण्यासही मनाई होती, त्यामुळे चित्रफितींतून कंपनीनेच पुरवलेली दृश्ये झळकली. महागड्या संगणकांवर खेळलेल्या गेमचे गुण वाचून हजारो लोकांनी प्लेस्टेशन ४ची प्रत मागवली. प्रकाशनापूर्वीच्या मागण्यांची संख्या ८० लाखांवर पोहोचली होती. तांत्रिक अपयशाला परिस्थिती कारणीभूत म्हणता येईल. कन्सोलची प्रत दडवून ठेवणे हा मात्र विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता आणि संपूर्ण प्रकरणात मला तोच सर्वाधिक अक्षम्य वाटतो.

पैसे परत देण्याचा आणि सोनीने गेम काढून टाकण्याचा घटनाक्रम काय होता?

१४ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने माफीपत्रक काढून असमाधानी खेळाडूंनी पैसे परत मागावेत असे सुचवले. पण कन्सोलच्या दुकानांशी तिने तशी काही विशेष व्यवस्था केलेलीच नव्हती, त्यामुळे लोक सोनीकडे गेले आणि नियमावर बोट ठेवून परत पाठवले गेले. अमेरिकेतील १७ डिसेंबरच्या संध्याकाळी, भारतात १८ तारीख उजाडली असताना, सोनीने सर्वांना पैसे परत देण्याचे जाहीर केले आणि गेम प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला. एवढा मोठा आणि एवढा खपणारा गेम अशा रीतीने काढला गेल्याचे दुसरे उदाहरण तोवर नव्हते. मायक्रोसॉफ्टने गेम विक्रीस ठेवला, मात्र परताव्याचे नियम सैल केले. सोनीच्या दुकानात तो २१ जून २०२१ रोजी परतला, तोही साध्या प्लेस्टेशन ४वर अडचणी येऊ शकतात या सूचनेसह.

भारतातील खेळाडूंवर याचा वेगळा परिणाम झाला का?

झाला, आणि त्याचे कारण एका तारखेत आहे. प्लेस्टेशन ५ भारतात अधिकृतपणे २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. म्हणजे १० डिसेंबरला पुण्यात, नागपुरात किंवा पणजीत सोनीचा कन्सोल बाळगणाऱ्या माणसाकडे जवळजवळ निश्चितपणे प्लेस्टेशन ४च होता, आणि गेम सर्वांत वाईट चालत होता तो त्याच्यावरच. अमेरिकेत नवा कन्सोल मिळवू शकलेल्यांना जुनीच आवृत्ती त्या जोरावर बरी चालवता येत होती. येथे तोही मार्ग नव्हता. ज्यांनी डिस्क विकत घेतली होती त्यांना सोनीच्या ऑनलाइन परताव्याचा उपयोग नव्हता, कारण तो डिजिटल प्रतीपुरता होता.

गेमवर खर्च किती झाला? कंपनीचे नुकसान झाले का?

निर्मिती आणि जाहिरात मिळून मूळ गेमवर सुमारे १.२ अब्ज पोलिश झ्लॉटी खर्च झाल्याचे मानले जाते. पोलंड सरकारच्या गेमविषयक संशोधन योजनेतून २०१६ मध्ये सुमारे तीन कोटी झ्लॉटींचे अनुदानही मिळाले होते. व्यवसाय म्हणून पाहिले तर नुकसान झाले नाही, आणि अनेकांना ही गोष्ट पचायला जड जाते. केवळ आगाऊ डिजिटल मागण्यांच्या उत्पन्नातून सारा खर्च भरून निघाल्याचे कंपनीने डिसेंबरमध्येच सांगितले. २०२० संपेपर्यंत १ कोटी ३७ लाख प्रती खपल्या. स्टीम या संगणकी गेमच्या ऑनलाइन दुकानावर पहिल्या दिवशी एकाच वेळी दहा लाखांहून अधिक लोक खेळत होते. कंपनीच्या स्वतःच्या परतावा मोहिमेतून सुमारे ३० हजार प्रतींचेच पैसे परत गेले आणि त्याचा थेट खर्च २२ लाख डॉलरच्या आसपास होता. दुकानांनी केलेले परतावे यात धरलेले नाहीत.

नुकसान झाले ते शेअरच्या भावात आणि प्रतिष्ठेत. २०२० मध्ये वॉर्सा शेअर बाजारातील सर्वांत मौल्यवान कंपन्यांत गणली जाणारी ही कंपनी काही महिन्यांत निम्म्याहून खाली घसरली. गुंतवणूकदारांनी कॅलिफोर्नियातील केंद्रीय न्यायालयात दावा केला, तो १८.५ लाख डॉलरवर मिटला. पोलंडच्या ग्राहक संरक्षण संस्थेनेही दुरुस्त्यांच्या प्रगतीवर लक्ष ठेवले होते.

सायबर हल्ल्याने दुरुस्तीचे काम रखडले, हे खरे का?

काही अंशी. ९ फेब्रुवारी २०२१ रोजी कंपनीने जाहीर केले की तिच्या संगणकांवर खंडणीखोर हल्ला झाला असून गेमचा मूळ कोड चोरल्याचा हल्लेखोरांचा दावा आहे. कंपनीने धमकीची चिठ्ठी स्वतःच प्रसिद्ध केली आणि खंडणी नाकारली. परिणामी १.२ हा मोठा पॅच फेब्रुवारीऐवजी २९ मार्चला आला.

मग गेम सुधारला कसा? नुसत्या पॅचने एवढा बदल होतो का?

नुसत्या बग-दुरुस्तीने झाला नसता. पहिले वर्ष बुडती नाव उपसण्यात गेले. १५ फेब्रुवारी २०२२च्या १.५ पॅचने नव्या कन्सोलांसाठी स्वतंत्र आवृत्ती दिली आणि तेथून गेमला खरा श्वास घेता आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्टुडिओ ट्रिगर या जपानी संस्थेने बनवलेली ‘एजरनर्स’ ही अ‍ॅनिमे मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि गेमकडे पाठ फिरवलेले लोक परतले. त्या महिन्यात रोज दहा लाख खेळाडू नाइट सिटीत येत होते. गेमची प्रतिमा सावरण्यात मालिकेचा वाटा पॅचइतकाच होता, असे म्हणणे धाडसाचे ठरू नये.

निर्णायक बदल २१ सप्टेंबर २०२३च्या २.० आवृत्तीत झाला. कौशल्यांची संपूर्ण रचना नव्याने मांडली गेली, शरीरातील यंत्रांचा आणि चिलखताचा संबंध बदलला, पोलिसांचा पाठलाग खराखुरा झाला. पाच दिवसांनी गेब अमाटांजेलो यांच्या दिग्दर्शनाखालील ‘फँटम लिबर्टी’ हा विस्तार-भाग आला, ज्यात इद्रिस एल्बा यांची प्रमुख भूमिका आहे. त्याच्या निर्मितीत कथाकार, तंत्रज्ञ आणि तपासनीस सुरुवातीपासून एकत्र बसवले गेले आणि कन्सोलवरची चाचणी शेवटी ढकलली गेली नाही. तीन वर्षांपूर्वी जे केले नव्हते तेच या वेळी केले, दुसरी कोणतीही जादू यात नाही.

फँटम लिबर्टी जुन्या कन्सोलवर का आला नाही?

कारण त्यांच्यावर तो चालला नसता. तांत्रिकदृष्ट्या निर्णय योग्यच होता. पण त्याचा अर्थ असाही होतो की सर्वाधिक फसलेल्या ग्राहकांना सुधारलेला गेम कधीच मिळाला नाही. २.० आवृत्तीही त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. त्यांना मिळालेला शेवटचा मोठा पॅच १.६ हाच ठरला. ‘सायबरपंकने कशी भरारी घेतली’ अशा आशयाचे कौतुक वाचताना ही माणसे मला नेहमी आठवतात. त्यांच्या वाट्याला भरारी आली नाही. नवा कन्सोल घेण्याचा खर्च आला.

जाहीर होऊन अंतिम गेममध्ये न आलेल्या गोष्टी कोणत्या?

भिंतीवरून धावणे प्रात्यक्षिकात दिसले होते, ते वगळले गेले. ट्रेलरमध्ये दिसलेली मेट्रो खेळाडूला बसण्याजोगी झाली ती डिसेंबर २०२३च्या २.१ पॅचमध्ये, म्हणजे प्रवाशांनी जवळजवळ तीन वर्षे फलाटावर काढली. अनेकांनी मिळून खेळण्याचा स्वतंत्र मोठा प्रकल्प २०२१ मध्ये बाजूला ठेवण्यात आला. नायकाची आणि त्याचा मित्र जॅकी याची दोस्ती जुळण्याचे सहा महिने गेममध्ये एका छोट्या चित्रमालिकेत उरकलेले आहेत. ते मुळातच तसे योजले होते की कात्रीत सापडले, यावर खेळाडूंत अजून वाद चालतो.

कंपनीने स्वतःच्या कामाच्या पद्धतीत काय बदल केला?

मार्च २०२२ मध्ये तिने रेडइंजिन सोडून पुढील गेमसाठी एपिक कंपनीचे अनरियल इंजिन ५ वापरण्याचे जाहीर केले. अनेक वर्षे स्वतः घडवलेले यंत्र बाजूला ठेवणे हा अभिमानाला मुरड घालणारा निर्णय होता. पण इंजिन आणि गेम एकाच वेळी घडवण्याचा चटका बसल्यानंतर तो समजण्यासारखा आहे. सायबरपंकच्या पुढच्या भागाची घोषणा ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘ओरायन’ या सांकेतिक नावाने झाली आणि त्यासाठी उत्तर अमेरिकेत, बॉस्टनमध्ये, चमू उभारला गेला. घोषणा पुन्हा एकदा कामाच्या बरीच आधी झाली, हे जाता जाता नोंदवतो. दुसरीकडे जुलै २०२३ मध्ये सुमारे शंभर जणांना, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या नऊ टक्क्यांना, कामावरून कमी करण्याचे जाहीर झाले आणि त्या वर्षी पोलंडमधील गेम कर्मचाऱ्यांची संघटना आकाराला आली.

आज हा गेम घ्यावा का, आणि कोणत्या यंत्रावर?

एसएसडी असलेला बरा संगणक, प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज कन्सोल असेल तर निश्चिंतपणे घ्यावा. डिसेंबर २०२३ मध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये सतत सुधारत राहिलेल्या गेमसाठीचा पुरस्कार त्याला मिळाला, २०२४ अखेरपर्यंत तीन कोटी प्रती खपल्या, आणि जून २०२५ मध्ये तो निन्टेन्डोच्या स्विच २ या हातात मावणाऱ्या कन्सोलवरही आला. प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स वन असेल तर घेऊ नये. सेकंडहँड बाजारात त्याची जुनी डिस्क अगदी स्वस्तात मिळते. ती प्लेस्टेशन ५मध्ये घातली की नव्या कन्सोलची आवृत्ती विनामूल्य उतरवून घेता येते, त्यामुळे नवा कन्सोल घेण्याचा बेत असलेल्याने मात्र ती डिस्क जरूर उचलावी. फक्त विकत घेताना डब्यात दोन्ही डिस्क आहेत ना, हे उघडून पाहावे.